आधी हिशेब, मग कॅमेरा: बुरूड कारागिरांच्या पोर्ट्रेटमधून उपजीविकेसाठी निधी कसा उभारावा

ठाणे आणि नवी मुंबईतील हौशी छायाचित्रकारांकडून एक प्रश्न वारंवार येतो. रस्त्याकडेला सुपे-टोपल्या विणणाऱ्यांचे फोटो काढून झाले आहेत, ते चांगलेही आले आहेत. आता त्यांतून या लोकांना चार पैसे मिळवून द्यायचे आहेत, तर काय करावे? याचे उत्तर बहुतेकांना आवडत नाही, कारण फोटो काढण्यापूर्वी करायची निम्मी कामे राहून गेलेली असतात आणि ती करायला मागे जावे लागते. फोटो, मग कौतुक, मग विक्रीची धडपड आणि सर्वांत शेवटी पैशाची वाटणी, असा उलटा क्रम लागला की कारागिराच्या हाती फार तर एक फ्रेम आणि थोडी रोकड पडते.

पुढील मांडणी बांबूकाम करणाऱ्या बुरूड कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. गोधडी शिवणाऱ्या महिला, मूर्तिकार, चर्मकार किंवा जाळी विणणारे कोळी बांधव यांच्यासाठी हंगाम आणि कच्चा माल बदलेल, पण टप्प्यांचा क्रम हाच राहील.

सुरुवातीला वेळापत्रक

बांबूकामाचे वर्ष सणांवर चालते. भाद्रपदात गौरीच्या ओवशासाठी सुपे लागतात, दिवाळीच्या आधी आकाशकंदिलांचे सांगाडे आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणाऱ्या छठपूजेसाठी पुन्हा सुपे व टोपल्या लागतात, आणि लग्नसराईत रुखवताच्या वस्तूंना मागणी असते. या आठवड्यांत कारागिराचा प्रत्येक तास कमाईचा असतो, त्यामुळे तेव्हा कॅमेरा घेऊन जाणे म्हणजे त्याचे उत्पन्न बुडवणे होय. ओळख आणि चौकशी ज्येष्ठात करावी, फोटो आषाढात काढावेत, छपाई भाद्रपदात उरकावी आणि विक्री नवरात्राच्या सुमारास करावी. असे केले तर छठपूजेच्या मालासाठी बांबू घेण्याच्या वेळी पैसा हाताशी असतो. आषाढातील ढगाळ उजेड चेहऱ्यासाठी मऊ असतो आणि पदपथावर बसणाऱ्यांचे कामही पावसात मंदावलेले असते, हा या वेळापत्रकाचा आणखी एक फायदा.

पहिल्या वर्षी पाचाहून अधिक कुटुंबे घेऊ नयेत. वीस जणांचे फोटो काढणे सोपे आहे, पण वीस जणांचा हिशेब वर्षभर ठेवणे सोपे नाही.

टप्पा १: कॅमेऱ्याविना भेटी आणि नेमकी अडचण

किमान तीन भेटी कॅमेऱ्याविना व्हाव्यात. जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा स्थानकाजवळ बसणाऱ्या कारागिराकडून पहिल्या भेटीत घासाघीस न करता एखादी वस्तू विकत घ्यावी आणि दुपारच्या निवांत वेळी पुन्हा यावे. या भेटींत काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बांबू कोणाकडून येतो, एका वेळी किती नग घेतले जातात, ते रोखीने की उधारीवर, उधारीच्या बांबूचा दर रोखीपेक्षा किती जास्त पडतो, तयार माल स्वतः विकला जातो की व्यापारी उचलतो, पावसात माल कोठे ठेवला जातो, आणि कोणत्या महिन्यांत घरात पैसा नसतो.

बहुतेक छायाचित्रकार ‘यांना चांगली हत्यारे घेऊन देऊ’ असे ठरवून येतात. कोयता, करवत आणि सुरी ही हत्यारे बुरूडाकडे असतातच; नसतील किंवा झिजलेली असतील, तर त्यासाठी सरकारी मार्ग उपलब्ध आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपली, चटई व झाडू बनवणाऱ्यांचा समावेश आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळण्याची तरतूद आहे. नोंदणी आधार क्रमांकाच्या आधारे सामायिक सेवा केंद्रात होते आणि एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडून मिळणारे ‘पहचान’ ओळखपत्रही याच वेळी काढून घेण्यास मदत करावी. जे सरकारकडून मिळू शकते त्यावर पोर्ट्रेटमधून आलेला पैसा खर्च करू नये.

खरी अडचण बहुधा खेळत्या भांडवलाची असते. रोख पैसे नसल्यामुळे बांबू चार-पाच नगांनी, उधारीवर आणि चढ्या दराने घेतला जातो. येथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवावी. विणकामासाठी ओला बांबू लागतो, कारण वाळलेल्या बांबूच्या कामट्या सरळ आणि सारख्या निघत नाहीत. एकाच कुटुंबाला मोठी खेप घेऊन दिली, तर ती वापरून संपण्याआधीच वाळते आणि पैसा सरपणात जातो. म्हणून तीन-चार कुटुंबांनी मिळून खेप घेणे आणि तिची किंमत फिरत्या निधीतून, म्हणजे वापरून परत भरायच्या सामायिक पैशातून, भरणे, ही रचना व्यवहारात टिकते.

*तपासणी:* ‘हा पैसा आला की अमुक महिन्यात अमुक गोष्ट घेतली जाईल आणि त्यामुळे अमुक खर्च वाचेल’ असे एक वाक्य कारागिराच्या तोंडून आले आहे का? आले नसेल, तर आणखी एक भेट घ्यावी.

टप्पा २: पैशाचे गणित आणि एका पानाचा करार

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. ‘नफ्यातील निम्मा वाटा कारागिराला’ हे वाक्य उदार वाटते, पण नफा मोजणारा छायाचित्रकारच असतो. त्यात त्याचा पेट्रोलखर्च, लेन्सचे भाडे आणि सभागृहाचा चहाही मिसळतो, आणि शेवटी वाटण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून वाटा नेहमी विक्री किमतीवर ठरवावा, नफ्यावर नव्हे.

एक नमुना हिशेब पाहू. १२ × १८ इंची फ्रेम केलेल्या प्रिंटची किंमत ३,००० रुपये धरली. छपाई ४५०, माउंट व फ्रेम ९०० आणि पॅकिंग व पोहोच १५० असा १,५०० रुपये खर्च धरला. विक्री किमतीच्या २५ टक्के, म्हणजे ७५० रुपये, फोटोतील कारागिराला थेट आणि २० टक्के, म्हणजे ६०० रुपये, सामायिक फिरत्या निधीत गेले. उरलेले १५० रुपये फुटतूट व किरकोळ खर्चासाठी राहिले. दर आपापल्या भागात विचारून हे आकडे बदलावेत. मांडणी मात्र अशीच ठेवावी.

आता या हिशेबाकडे प्रामाणिकपणे पाहावे. अशा २० प्रिंट विकल्या गेल्या, तर कारागिरांच्या वाट्याला मिळून १५,००० रुपये, म्हणजे पाच जणांत प्रत्येकी ३,००० रुपये येतात. ही रक्कम एका महिन्याच्या किराण्यात संपेल आणि तशी संपणे यात काही गैर नाही. उपजीविकेला आधार मिळतो तो निधीतील १२,००० रुपयांमुळे, कारण बांबूची खेप घेतल्यावर माल विकून ती रक्कम परत निधीत येते आणि पुढच्या हंगामात पुन्हा वापरता येते. म्हणून विक्री कमी झाली, तरी निधीचा हिस्सा कापू नये. याच हिशेबातून दुसरी गोष्टही दिसते. सभागृहासाठी ६,००० रुपये भाडे दिले, तर किरकोळ खर्चाच्या १५० रुपयांतून ते भरून काढायला ४० प्रिंट विकाव्या लागतील. भाड्याचे प्रदर्शन पहिल्या वर्षी परवडत नाही, ते यामुळेच.

वाट्याखेरीज फोटोच्या दिवसाची मजुरी वेगळी द्यावी. कारागीर एरवी दिवसभरात जितके कमावतो त्याहून ती कमी नसावी आणि फोटो विकला जावो वा न जावो, ती त्याच दिवशी हातात द्यावी.

कराराचे पान साध्या मराठीत असावे. कोणत्या आकाराच्या किती प्रिंट विकल्या जातील (एका फोटोच्या १५ पुरेशा आहेत), प्रत्येक विक्रीवर किती रुपये मिळतील, ते किती दिवसांत मिळतील, आणि हिशेबाची वही कोणाकडे असेल, एवढे त्यात आले पाहिजे. टक्क्यांऐवजी रुपये लिहावेत. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार फोटोचा प्रताधिकार सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराकडे असतो आणि त्याच्या हयातीत व मृत्यूच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. फोटोत दिसणाऱ्या माणसाला विक्रीतील वाटा आपोआप मिळत नाही. तो लिहून दिला तरच मिळतो. एखाद्या कंपनीने मोबदला देऊन हे काम करून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर प्रताधिकाराची पहिली मालक ती कंपनी ठरू शकते. प्रायोजक घेताना ही बाब आधी लिहून घ्यावी.

*इशारा:* प्रिंटची विक्री ही विक्रीच आहे. तिला ‘देणगी’ म्हणू नये आणि खरेदीदाराला ८०जीच्या करसवलतीचे आश्वासन देऊ नये. ती सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत बहुतेक दात्यांना तिचा उपयोगही नसतो. लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेशोत्सव मंडळे घेतात त्याच, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खालील परवानगीची चौकशी धर्मादाय आयुक्त कार्यालयात करावी. परदेशातून देणगी येऊ लागली, तर विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेशिवाय ती स्वीकारू नये.

टप्पा ३: संमती, आणि नाही म्हणण्याची सोय

संमतीचा कागद म्हणजे सही घेण्याची औपचारिकता असे समजले जाते. प्रत्यक्षात कारागिराला ‘हे चालेल, ते चालणार नाही’ असे निवडता आले पाहिजे. म्हणून कागदावर एकच सरसकट वाक्य न लिहिता वेगवेगळ्या ओळी कराव्यात. घरात लावण्यासाठी प्रिंटची विक्री, प्रदर्शन, समाजमाध्यमे, वस्तूला बांधायची चिठ्ठी आणि वर्तमानपत्र अशा प्रत्येक वापरापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने असावेत. कागद मोठ्याने वाचून दाखवावा. घरात दुसरी भाषा बोलली जात असेल, तर घरातल्याच शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून समजावून घ्यावे. अंगठा घेतल्यास कारागिराच्या ओळखीचा एक साक्षीदार असावा आणि एक प्रत त्याच्याकडे राहावी. सही त्याच दिवशी मागू नये. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यानेही दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केला आहे; त्यासाठी फोन कोणाला करायचा, हे कागदावर लिहिलेले असावे.

तीन प्रश्न मुद्दाम विचारावेत.

पहिला आडनावाचा. बुरूड, मोची, कुंभार या कामांशी जात जोडलेली आहे आणि आडनावासह मोठा फोटो लागला की ती सर्वांना दिसते. आमच्या पहिल्या प्रदर्शनात आम्ही पूर्ण नावे अभिमानाने छापली होती. एका आजींच्या नातीने दुसऱ्या दिवशी येऊन, कॉलेजमधल्या मैत्रिणी येथे येणार आहेत, आडनाव काढता येईल का, असे हळूच विचारले. तेव्हापासून पूर्ण नाव, फक्त पहिले नाव किंवा नाव नको, असे तीन पर्याय कागदावरच असतात. ज्यांना पूर्ण नाव हवे असते त्यांना ते ठळक हवे असते, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा जागेचा. पदपथावर बसणाऱ्याच्या मागे दुकानाची पाटी किंवा पुलाचा खांब स्पष्ट दिसला, तर तो फोटो त्याची बसण्याची जागा जाहीर करतो. अतिक्रमण विभागाची गाडी येण्यासाठी आपला फोटो निमित्त ठरू नये. जागा ओळखू येणार नाही अशी चौकट निवडावी आणि फोटो बाहेर देण्यापूर्वी फाइलमध्ये साठवलेले ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढून टाकावेत.

तिसरा घरातील बोलणीचा. फोटो लागला म्हणजे लाखो मिळाले, असा समज शेजारीपाजारी आणि भाऊबंदांत लगेच पसरतो. रक्कम किती आणि केव्हा मिळणार, हे घरातील एका जबाबदार व्यक्तीलाही समजावून सांगू का, असे कारागिराला विचारावे. तो नको म्हणाला, तर सांगू नये.

*इशारा:* मुलांचे फोटो विक्रीसाठी घेऊ नयेत. आईच्या मांडीवरचे मूल असलेला फोटो सर्वांत लवकर विकला जाईल हे खरे आहे, आणि तो टाळण्याचे कारणही तेच आहे.

टप्पा ४: फोटोच्या दिवसाची तयारी

एक कॅमेरा, एक लेन्स, एक जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डे, पांढऱ्या थर्माकोलचा दोन फुटी तुकडा आणि बसायला चटई एवढे पुरते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स दहा बाय दहाच्या खोलीत चालते. ८५ मिमीला मागे सरकायला जागा लागते आणि ती बहुधा नसते. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून तो पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा. परत आल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, कारण ठाण्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

कपड्यांवरून वाद होतोच. छायाचित्रकाराला कामाची मळकी साडी हवी असते आणि कारागीर महिला ट्रंकेतली ठेवणीतली साडी काढून तयार बसलेली असते. तिची इच्छा आधी पाळावी. ठेवणीतल्या साडीतले फोटो काढून झाल्यावर, चालणार असेल तर कामाच्या कपड्यांतलेही काढावेत आणि विक्रीसाठी कोणता जाईल ते तिने ठरवावे. मळके कपडे म्हणजेच खरेपणा, हा समज आपल्या डोक्यातला आहे.

टप्पा ५: फोटो काढणे

१. आधी उजेड पाहावा. बुरुडांच्या पालांवर आणि झोपड्यांवर निळी ताडपत्री असते आणि तिच्यातून झिरपणारा उजेड चेहरा निळसर, आजारी दाखवतो. नंतर संगणकावर तो रंग काढताना बांबूचा पिवळा बिघडतो. त्यामुळे कारागिराला ताडपत्रीच्या कडेशी, उघड्या आभाळाच्या बाजूला तोंड करून बसवावे. उजेडाच्या विरुद्ध बाजूला थर्माकोल धरून सावली हलकी करावी. फ्लॅश वापरू नये.

२. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा, म्हणजे आपणही जमिनीवर बसावे. उभे राहून खाली बघत काढलेल्या फोटोत माणूस लहान आणि केविलवाणा दिसतो. असे फोटो सहानुभूतीपोटी थोडे विकले जातात, पण त्यांतून सुपाची मागणी येत नाही.

३. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ २.८ ते एफ ४, शटर किमान १/१६० सेकंद आणि हात चालत असतील तर १/२५० किंवा जास्त ठेवावे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल; किंचित दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकस जवळच्या डोळ्यावर असावा. ताज्या कामट्या फिकट आणि चकचकीत असल्यामुळे कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉपने वाढवून चेहऱ्यावर खात्री करावी. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपात घ्यावी.

४. पहिली दहा मिनिटे फक्त काम चालू ठेवायला सांगावे. हातात कोयता असताना ‘इकडे बघा’ असे कधीही म्हणू नये. बांबू फाकताना नजर हलली की बोट जाते. सरळ नजरेचा फोटो हवा असेल, तर कोयता बाजूला ठेवल्यावर घ्यावा.

५. प्रत्येकाचे तीन प्रकारचे फोटो असावेत: चेहरा, चेहरा आणि हात मिळून, व तयार वस्तूसह माणूस. घरात लावायला लोक बहुधा दुसरा घेतात, तर वस्तूच्या चिठ्ठीवर तिसरा चालतो.

६. निघण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या पडद्यावर सर्व फोटो दाखवावेत. ‘हा नको’ असे सांगितलेला फोटो तेथेच, त्यांच्यासमोर पुसावा.

मोबाइलवरही हे काम होते. मुख्य कॅमेऱ्याची २एक्स किंवा टेलिफोटो लेन्स वापरावी, मात्र ‘पोर्ट्रेट मोड’ बंद ठेवावा; सुपाच्या विणीच्या कडा त्याला ओळखता येत नाहीत आणि अर्धे सूप धूसर होते.

टप्पा ६: निवड, मजकूर आणि छपाई

निवडीत फार वेळ घालवू नये. प्रत्येकाचा एक, फार तर दोन फोटो घ्यावेत आणि रंग नैसर्गिक ठेवावेत. कातडी उजळवणे किंवा सुरकुत्या गडद करणे, दोन्ही टाळावे.

फोटोखालच्या मजकुरात ‘गरीब’, ‘बिचारी’, ‘उपेक्षित’, ‘पोटाची खळगी’ हे शब्द येऊ देऊ नयेत. त्याऐवजी खरेदीदाराला माहीत नसलेली तथ्ये लिहावीत. एका सुपासाठी किती कामट्या लागतात, किती तास जातात, सूप, रोवळी आणि परडी यांत काय फरक आहे, आणि हीच वस्तू कोठे किती रुपयांना मिळेल. प्रत्येक आकडा त्या कारागिराकडूनच घ्यावा आणि लिहिलेला मजकूर त्याला वाचून दाखवावा.

छपाईचा नियम सरळ आहे. ३०० डीपीआयने १२ × १८ इंची प्रिंटसाठी ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात; भिंतीवर हातभर अंतरावरून पाहायची असेल, तर २०० डीपीआयने २४०० × ३६०० पिक्सेलही चालतात. छपाईवाल्याला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवू नये. ती दाबली जाते आणि डोळ्यांच्या पापण्या चिखलासारख्या उमटतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर द्यावी. कागद मॅट, पिगमेंट शाईचा आणि मागचा माउंट आम्लरहित असावा, नाहीतर किनाऱ्याच्या दमट हवेत कडा पिवळ्या पडतात. सर्व प्रती एकदम छापू नयेत. प्रत्येक फोटोची एक नमुना प्रत छापून पुढच्या ऑर्डरप्रमाणे छापाव्यात. न विकलेल्या फ्रेमांचा ढीग हा या कामातील सर्वांत मोठा तोटा आहे.

*तपासणी:* पहिली फ्रेम कारागिराच्या घरी पोहोचली आहे का? प्रदर्शनात लागण्यापूर्वी ती त्याच्या भिंतीवर असली पाहिजे.

टप्पा ७: विक्री

पहिल्या वर्षीची विक्री ओळखीच्या गृहसंकुलांत होते. घोडबंदर रस्त्यावरील किंवा वाशी, नेरूळ, ऐरोलीतील सोसायट्यांत नवरात्रात सभागृह सजलेलेच असते. समितीला एक महिना आधी पत्र देऊन दोन संध्याकाळींसाठी एक भिंत मागावी. दुसऱ्या वर्षी काम जमले, की कापूरबावडीचे ठाणे कला भवन किंवा बेलापूरचे सिडको अर्बन हाट यांची चौकशी करावी. अर्बन हाट कारागिरांच्या मालासाठीच असल्यामुळे तेथे फोटो दुय्यम आणि टोपल्या मुख्य अशी मांडणी असावी.

फोटोशेजारी वस्तू ठेवलीच पाहिजे. ३,००० रुपयांची फ्रेम घेणारा एक असतो, पण ती पाहून सूप किंवा परडी घेणारे अनेक असतात, आणि तो सगळा पैसा कारागिराचा असतो. ऑर्डरवहीत वस्तू, माप, संख्या, तारीख आणि आगाऊ रक्कम लिहावी. ‘नंतर कळवतो’ म्हणणाऱ्याचे नाव तिच्यात लिहू नये. कारागिराला दिवसभर फोटोखाली बसवून ‘हेच ते’ म्हणून दाखवू नये. यायचे असेल तर त्याने विक्रेता म्हणून, आपल्या मालासह आणि गल्ल्यासह यावे.

प्रिंटचे पैसे गटाच्या एकाच खात्यात यावेत आणि प्रत्येक विक्रीची क्रमांकित पावती असावी. कारागिराचा वैयक्तिक क्यूआर कोड त्याच्या मालाच्या टेबलावर ठेवण्यास हरकत नाही, पण फोटोसह समाजमाध्यमांवर टाकू नये. नाव, चेहरा आणि खाते एकत्र मिळाले की फसवणुकीचे फोन सुरू होतात.

एक जोडमार्ग येथे सांगून ठेवतो. संकुलातील कुटुंबांची शुल्क घेऊन पोर्ट्रेट काढण्याचा दिवस ठेवता येतो. पार्श्वभूमीसाठी बांबूची मोठी चटई कारागिराकडून पूर्ण किमतीला विणून घ्यावी आणि शुल्काचा ठरलेला हिस्सा निधीत टाकावा. फ्रेम न विकल्या जाण्याचा धोका यात नाही, आणि माझ्या अनुभवात निधी याच मार्गाने लवकर भरतो.

टप्पा ८: पैसे पोहोचवणे आणि निधी फिरवणे

खाते आधी तपासावे. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय होते, आणि पूर्ण केवायसी नसलेल्या ‘लहान खात्या’त शिल्लक ५०,००० रुपयांहून जास्त ठेवता येत नाही व महिन्याला १०,००० रुपयांपर्यंतच काढता येतात. हंगामाच्या तोंडावर बांबूवाला रोख मागत असताना ही मर्यादा कळणे फार महाग पडते. म्हणून फोटोच्या आधीच खात्यात १ रुपया पाठवून तो जमा होतो का आणि काढता येतो का, ते पाहावे. खाते नवऱ्याच्या नावावर आणि फोटो बायकोचा, असे असेल, तर तिचे स्वतःचे खाते उघडेपर्यंत थांबावे.

वाटा विक्रीनंतर १५ दिवसांत द्यावा. कोणत्या फोटोच्या किती प्रती गेल्या ते तोंडी सांगावे आणि वहीत सही किंवा अंगठा घ्यावा.

फिरत्या निधीसाठी कारागिरांतीलच दोघांची निवड व्हावी, आणि छायाचित्रकाराने फक्त हिशेबनीस राहावे. खेपेची किंमत निधीतून थेट बांबूवाल्याला द्यावी आणि कुटुंबांनी आपापल्या उचलीप्रमाणे हंगाम संपल्यावर ती परत भरावी. व्याज लावू नये. एखाद्याची परतफेड अडकली, तर पुढच्या खेपेत त्याची उचल कमी करावी, पण त्याचे नाव फलकावर लिहू नये.

वर्षाच्या शेवटी फोटो किती जणांनी पाहिले हे मोजत बसू नये. चार आकडे लिहावेत: उधारीवर घेतलेले बांबू आधी किती आणि आता किती, एका बांबूमागे दिलेला सरासरी दर, व्यापाऱ्याऐवजी थेट विकलेला माल, आणि निधीत परत आलेली रक्कम. हे आकडे त्या पाच कुटुंबांसमोर वाचून झाल्यावरच, पुढच्या ज्येष्ठात सहावे कुटुंब घ्यायचे की नाही, हे त्यांना विचारावे.